निवळीची बी

आत्याचा रिपोर्ट घेऊन आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो. सहा महिन्यांपूर्वी तिच्या गर्भाशयमुखाचा बोराएवढा तुकडा काढला होता. कर्करोग नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. कागदावर 'सीआयएन ३' असं लिहिलं होतं. आता केलेल्या एचपीव्हीच्या चाचणीत विषाणू सापडला नव्हता. डॉक्टरीणबाई समाधानाने म्हणाल्या होत्या, "मावशी, क्लिअर आहे." शेवटच्या पायरीवर थांबून आत्याने मला विचारलं, "क्लिअर म्हणजे गेलं ना गं? पाळी गेली, आता हेही गेलं. सुटले बाई."

मी "हो" म्हणून गेले. तो "हो" मला नंतर टोचत राहिला. आरोग्याची पत्रकं मराठीत आणण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि 'क्लिअर' हा शब्द आला की माझी लेखणी दर वेळी अडते. आत्याने तर एका दमात 'गेली' आणि 'गेलं' असे दोन शब्द वापरले, आणि त्या दोन्हींत थोडी थोडी चूक होती. चूक तिची नव्हती. आम्ही तिला दिलेल्या शब्दांचीच ती होती.

'जाणे' हे आपलं क्रियापद किती ठिकाणी राबतं पाहा. ताप जातो, पाहुणे जातात, वीज जाते, माणूस जातो. वीज गेली तर येते. माणूस गेला की येत नाही. पाळी जाते ती माणसासारखी जाते. विषाणू कशासारखा जातो, हे मात्र त्या एका क्रियापदातून कळत नाही.

आधी पाळीचं पाहू. 'पाळी' हा शब्द मुळात बाईच्या शरीराचा नाहीच. संस्कृतात पालि म्हणजे कड, ओळ. कानाची पाळी ही ती कड. ओळीवरून क्रम आला, क्रमावरून ज्याची-त्याची वेळ आली. गिरणगावात पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी होती. शेतकरी कुळवाची एक पाळी मारतो, कालव्यावरचा माणूस पाण्याच्या पाळीची वाट पाहतो. या सगळ्यांत अर्थ एकच: जे ठरल्या वेळी येतं आणि फिरून पुन्हा येणार असतं. त्यामुळे 'मासिक पाळी' हा जोडशब्द मला फार नेटका वाटतो. त्यातला 'मास' आणि ग्रीकांचा महिन्यासाठीचा 'मेन' हे एकाच मुळाचे आहेत. त्या 'मेन'ला थांबण्याचा 'पॉसिस' जोडून शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये एक शब्द घडवला आणि १८२१ मध्ये तो सुटसुटीत करून 'मेनोपॉज' केला. म्हणजे युरोपातही या गोष्टीला नेमकं नाव मिळून सुमारे दोनशे वर्षंच झाली आहेत.

आपल्याकडे पाळीच्या सुरुवातीसाठी शब्दांची कमी नव्हती. न्हाण आलं, पदर आला, शहाणी झाली. मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत. मग ती 'न्हातीधुती' म्हणवली जाई. शेवटाला यातलं काहीच नाही. ओटी नाही, गाणं नाही, एखादं लाडकं नावही नाही. आहे ते एवढंच: बंद झाली, गेली. जुन्या बायकांच्या तोंडी 'विटाळ गेला' हेही होतं, आणि त्यात सुस्कारा ऐकू येई. विटाळ हा फार जुना शब्द. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या व्याकरणात 'विट्टाल' नोंदवला आहे, अर्थ दिला आहे अस्पृश्याचा संसर्ग. 'कावळा शिवला' मधलं शिवणंही सुईदोऱ्याचं नाही. ते प्राकृतातल्या 'छिव'चं, म्हणजे स्पर्शाचं आहे. पस्तीस-चाळीस वर्षं दर महिन्याला बाजूला बसलेल्या बाईला पाळी जाणं म्हणजे सुटका वाटली तर नवल नाही. आता देवघरात कधीही जाता येतं, लोणच्याच्या बरणीला हात लावता येतो, कुणाच्या लग्नाची तारीख बघून पोटात गोळा येत नाही. आत्याच्या "सुटले बाई" मध्ये हे सगळं होतं. पण त्याच सुटकेच्या भरात ती शरीराच्या त्या भागाकडे पाठ फिरवत होती, आणि मला भीती तीच होती.

पत्रकात आम्ही लिहितो 'रजोनिवृत्ती'. शब्द सुंदर आहे. 'रजस्' वेदात अंतराळाला, धूसर आकाशाला म्हटलेलं आढळतं. पुढे त्याचा अर्थ धूळ झाला, फुलातला पराग झाला, ऋतुस्राव झाला. परंपरा त्याचा संबंध 'रञ्ज्' या धातूशी जोडते, म्हणजे रंगणे, लाल होणे. रंग, रक्त, राग ही त्याचीच भावंडं. आणि 'निवृत्ती'त 'वृत्' आहे, फिरणे. वर्तुळ, आवर्तन, पुनरावृत्ती हे त्याच घरचे. दर महिन्याला फिरून येणारं आवर्तन फिरायचं थांबलं, म्हणून निवृत्ती. सुश्रुताने हे वय पन्नास सांगितलं आहे आणि शब्द वापरला आहे 'क्षय'. क्षयापेक्षा निवृत्ती कितीतरी बरी. मराठी कानाला तर तिच्यात निवृत्तीनाथांचं नाव ऐकू येतं, ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचं आणि गुरूचं.

पण त्याच कानाला सेवानिवृत्तीही ऐकू येते. निरोपाचा नारळ, शाल, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कचेरीशी संबंध संपला. एका गावात आरोग्याच्या बैठकीत मी हा शब्द वापरला तेव्हा बायका गप्प राहिल्या. शेजारच्या आशाताईंनी "पाळी जाते ना, ते" असं म्हटल्यावर मागे बसलेली एक जण म्हणाली, "ते व्हय. मग आता तितली तपासनी कशापायी? रिटायर झालेल्याची कुनी हजेरी घेतं का?" तिने माझा शब्द आधी कधी ऐकलाही नव्हता, तरी त्यातला धोका तिला नेमका कळला होता.

आता 'तितली' म्हणजे कुठली, याकडे येते. लॅटिनमध्ये गर्भाशयाच्या त्या अरुंद टोकाला 'सर्व्हिक्स' म्हणतात, म्हणजे मान. हिंदीने मान राखली आणि 'गर्भाशय ग्रीवा' केलं. मराठीने तोंड पसंत केलं. कागदावर गर्भाशयमुख, बोलण्यात पिशवीचं तोंड. मला आपलं तोंड जास्त आवडतं, कारण तपासणाऱ्याला समोर दिसतं ते तोंडच. मानेने मात्र एक घोळ घातला आहे. मानेच्या मणक्यांनाही 'सर्व्हायकल'च म्हणतात, आणि आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो मानदुखीतून आणि गळ्याच्या पट्ट्यातून. आत्याचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा तो वाचून तिचा मुलगा म्हणाला होता, "सर्व्हायकल आहे, आई. उशी बदल." आणि तिने खरोखर उशी बदलली. पुढची तारीख घ्यायला त्यांना तीन आठवडे उशीर झाला. एका शब्दाने तीन आठवडे खाल्ले, हे मी जवळून पाहिलं आहे.

'पिशवी'बद्दल माझ्या मनात अस्वस्थता आहे. शब्द घरगुती आहे, मायेने वापरला जातो, डॉक्टरही तोच वापरतात. पण पिशवी ही वस्तू अशी की भरते, रिकामी होते, जुनी झाली की टाकून देता येते. "मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?" हे वाक्य त्या शब्दातूनच उगवतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, आणि राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्या बायांत कितीतरी तिशीतल्या होत्या. कामावर खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, आणि वर "पिशवीला जखम आहे, उद्या कॅन्सर होईल" ही भीती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की बाईला तिशीतच रजोनिवृत्ती गाठते, तीही एका रात्रीत.

त्या 'जखमे'चंही एकदा नीट पाहायला हवं. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या अंगाला चपट्या पेशींचे थर असतात आणि आतल्या नळीत उभ्या पेशींचा एकच पातळ थर. उभ्या पेशी तांबूस दिसतात. तरुणपणी संप्रेरकांच्या प्रभावाने त्या बाहेर डोकावतात, तेव्हा तोंडाभोवती लाल कडं दिसतं. जुन्या डॉक्टरांना वाटलं की इथली त्वचा झिजली आहे. त्यांनी नाव दिलं 'इरोजन', म्हणजे झीज, कुरतडणं. मराठीत त्याची जखम झाली. झीजही नाही आणि जखमही नाही, तिथे जे असतं ते त्या वयाला साजेसंच असतं. तरी ते नाव टिकलं आणि त्या नावाच्या भीतीने किती जणींच्या पोटावर टाके पडले.

खरा प्रश्न त्या दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात तिथला. तिथे एक प्रकार हळूहळू दुसऱ्यात बदलत असतो. डॉक्टरांचा शब्द लांबलचक आहे. मी माझ्या वहीत त्या जागेला 'शीव' म्हणते. गावाची हद्द ती शीव, संस्कृत 'सीमा'वरून आलेली. मुंबईतलं शीव स्टेशनही तेच, मुंबई बेट जिथे संपायचं ती हद्द. एचपीव्ही हा विषाणू नेमका या शिवेवर पाय रोवतो, कारण बदलत्या पेशी त्याला मानवतात. पेशींत होणारा कर्करोगपूर्व बदलही बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो.

आणि पाळी गेली की ही शीव सरकते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की गर्भाशयमुख आक्रसतं, आणि बाहेर दिसणारी हद्द नळीच्या आत, डोळ्यांआड जाते. हान्स हिन्सेलमान या जर्मन डॉक्टराने १९२० च्या दशकात आणलेल्या दुर्बिणीने, म्हणजे कोल्पोस्कोपने, बघितलं तरी ती पुष्कळदा पूर्ण दिसत नाही. ('कोल्पोस' म्हणजे ग्रीकात घडी, कुशी, आणि उपसागरही. इंग्रजीतलं 'गल्फ' याच शब्दापासून आलं.) जे दिसत नाही ते कापताना अंदाजाने कापावं लागतं. आत्याची शस्त्रक्रिया विजेच्या तारेच्या फाशाने झाली होती. ती तिला 'लीप केलं' म्हणते. शंकूच्या आकाराचा तुकडा निघतो, निमुळतं टोक नळीच्या आत गेलेलं. शंकू म्हणजे मूळ संस्कृतात खुंटी, मेख. पन्नाशीच्या पुढे या मेखेच्या आतल्या टोकाला बदललेल्या पेशी राहून जाण्याची शक्यता जास्त असते. टोकाशी रोग राहिला तर तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, आणि आक्रसलेल्या तोंडाचा दुसऱ्यांदा तुकडा काढायला पुरेशी जागाही उरत नाही.

एवढ्यावरच हे थांबत नाही. तरुणपणी योनीच्या पेशींत साखरेचा साठा असतो. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात, दह्याच्या विरजणातल्यांच्या कुळातले. ते आंबटपणा राखतात आणि तो आंबटपणा पहारा देतो. पाळी गेल्यावर साठा आटतो, हे जिवाणू विरळ होतात, आंबटपणा उतरतो, अस्तर पातळ होतं. वयाबरोबर शरीराची प्रतिकारशक्तीही मंदावते. या सगळ्यांचा मिळून परिणाम असा की तुकडा काढल्यानंतर बहुतेक जणींचा विषाणू सहा महिने ते वर्षभरात चाचणीत दिसेनासा होतो, पण पाळी गेलेल्या बायकांत तो टिकून राहण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. पातळ झालेलं अस्तर तपासणाऱ्यालाही फसवतं. सुकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगपूर्व पेशींसारख्या दिसतात. म्हणून डॉक्टर कधी कधी काही आठवडे तिथे लावायला इस्ट्रोजेनचं मलम देतात आणि मग पुन्हा नमुना घेतात. आत्याला ते मलम मिळालं तेव्हा ती बावरली होती, "या वयात हे कशाला?" कारण सांगितल्यावर तिने ते नेमाने लावलं.

आता विषाणूचं नाव. 'व्हायरस' म्हणजे लॅटिनमध्ये विष, चिकट रस. तो शब्द आणि आपलं 'विष' एकाच मुळातून आले आहेत. त्यामुळे ज्याने कुणी 'विषाणू' शब्द घडवला, त्याने परका शब्द नुसता भाषांतरित केला नाही, हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या भावाला घरी आणलं. एचपीव्हीतला 'पी' म्हणजे 'पॅपिलोमा', बोंडासारखी गाठ. त्या कुळातल्या साध्या गाठीला आपण चामखीळ म्हणतो, आणि त्यात संस्कृत 'चर्मकील' आहे, कातड्यातला खिळा. या कुळात दोनशेहून अधिक प्रकार आहेत. बहुतेक निरुपद्रवी, डझनभर घातक. त्यातला १६ क्रमांकाचा प्रकार हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. त्यांना २००८ चं नोबेल मिळालं. जगातल्या या कर्करोगांपैकी साधारण ७० टक्के या दोन प्रकारांमुळे होतात.

पण 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' हे शब्द कानावर पडले की आपल्याकडे ऐकू येतं 'एचआयव्ही पॉझिटिव्ह'. आत्यालाही तसंच ऐकू आलं होतं. ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन तिने विचारलं, "हे कुणाकडून आलं असेल गं?" काका, म्हणजे तिचे यजमान, जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिच्या डोळ्यांत स्वतःबद्दलची लाज होती आणि त्या मेलेल्या माणसाबद्दलचा संशयही. मी तिला सांगितलं ते इथेही सांगते, कारण हा प्रश्न असंख्य घरांत विचारलाच जात नाही, नुसता मनात सडतो. हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो, पण तो इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांच्या अंगात तो आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो. आलेला दहापैकी नऊ वेळा दोनेक वर्षांत दिसेनासा होतो. कधी तो वर्षानुवर्षं दडून राहतो आणि वय झाल्यावर पुन्हा दिसतो. चोपन्नाव्या वर्षी सापडलेला विषाणू पंचविसाव्या वर्षीचा असू शकतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडता येत नाही. 'संसर्ग' या शब्दाचा मूळ अर्थही फक्त मिसळणं, एकत्र येणं एवढाच आहे. दोष आपण नंतर भरला.

मग 'क्लिअर'ला काय म्हणावं? सरकारी मराठीत पहिला हात जातो 'निर्मूलन'कडे. त्यात मूळ उपटणं आहे. चाचणी मूळ पाहत नाही, ती वरच्या पेशी पाहते. 'नायनाट' तर आणखी मोठा दावा. 'बरी झाली' म्हणावं तर विषाणू अंगात असताना ती आजारी वाटतच नव्हती, बरं कशातून व्हायचं? 'निचरा' मला काही दिवस आवडला होता, पण निचऱ्यात पाणी वाहून बाहेर जातं. 'ओसरणे' जवळचं आहे. पूर ओसरतो, ताप ओसरतो, आणि दोन्ही फिरून येऊ शकतात हे तो शब्द ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

शब्द शेवटी आत्याच्याच घरात मिळाला. तिच्या जुन्या डब्यात चपट्या गोल बियांची पुरचुंडी होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "निवळी आहे. तुझी आजी वापरायची." पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होई, तेव्हा आजी रांजणाच्या आतल्या अंगाला ही बी थोडी उगाळून लावी आणि त्यात पाणी ओती. रात्रभरात गाळ खाली बसे. "सकाळी पाणी असं निवळायचं की तळ दिसायचा. पण तांब्या बुडवायचा नाही हं. वरवरचं अलगद घ्यायचं. ढवळलं की संपलं."

संस्कृतात या झाडाचं नाव कतक. कुचला देणाऱ्या काजऱ्याच्या, म्हणजे जालीम विषाच्या झाडाच्या, अगदी जवळचं हे झाड. नुसतं कतकाचं नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा दाखला जुन्या ग्रंथात येतो. पाणी स्वच्छ होण्याला संस्कृतात 'प्र-सद्' धातू आहे. त्यात बसणं आहे, खाली बसणं. गाळ बसला की पाणी 'प्रसन्न' होतं. मनाची प्रसन्नता आणि देवाचा प्रसाद त्या पाण्यावरूनच आले. मराठीत 'निवळ' राहिलं, निर्मळाशी नातं सांगणारं, आणि त्याचं क्रियापद झालं निवळणे. आभाळ निवळतं, वातावरण निवळतं, ताक निवळतं. प्रत्येक ठिकाणी अर्थ हाच की वरचं स्वच्छ झालं, तळाशी काही उरलं असेल तर ते शांत आहे.

एचपीव्हीच्या चाचणीत विषाणू न सापडणं म्हणजे नेमकं हेच. त्याची मुळं उपटली गेली असतील किंवा तो कुठल्याशा पेशीत शांत बसला असेल. बहुतेक जणींसाठी पाणी कायमचं निवळलेलं राहतं. पण बघत राहावं लागतं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या पद्धतीप्रमाणे अशा उपचारानंतर सहा महिन्यांनी पहिली चाचणी, मग दर वर्षी एक, सलग तीन वेळा निर्दोष आली की दर तीन वर्षांनी, आणि हे किमान पंचवीस वर्षं. आत्या आता चोपन्न वर्षांची आहे. तिची शेवटची तपासणी ऐंशीला टेकताना होईल. कर्करोगपूर्व बदलासाठी कुणाचं गर्भाशयच काढलं असलं तरी तिचीही सुटका नाही, कारण तोच विषाणू योनीच्या भिंतीत बसू शकतो. पिशवी गेली तरी पहारा उरतो.

या तपासण्या परदेशातच होतात असं कुणी म्हणू नये. जगाला या विषयातला सगळ्यात मोठा धडा आपल्या मातीतून मिळाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांचा दुसरा अभ्यास झाला. तिथे दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हिनेगरची, म्हणजे सौम्य आम्लाची तपासणी करवली. आम्ल लावल्यावर बदललेली जागा मिनिटभरात पांढरी पडते. एवढ्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्या गावांतल्या, वस्त्यांतल्या बायकांनी लाज गिळून तपासणीच्या मेजावर पाय टाकले. त्यांच्यामुळे आज जगभरच्या डॉक्टरांना काय करावं हे कळलं आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींना हे कुणी सांगितलेलंही नसेल.

आणि तरीही देशात २०२२ मध्ये या कर्करोगाने जवळपास ८० हजार बायका गेल्या. त्याचं एक कारण मला आपल्या एका वाक्प्रचारात दिसतं. मराठीत बाईचा रक्तस्राव 'अंगावर जातो', आणि दुखणं सांगायचं टाळून ती ते 'अंगावर काढते'. दोन्हीकडे तेच अंग. पाळी जाऊन वर्ष-दोन वर्षं उलटल्यावर पुन्हा लाल डाग दिसला, की कितीजणी म्हणतात, "पाळी परत आली वाटतं." पाळी परत येत नसते. बारा महिने पूर्ण कोरडे गेल्यावर आलेला एक डागही दाखवायलाच हवा. माझ्या पत्रकात मी हे वाक्य ठळक अक्षरांत टाकायला लावते, आणि त्याच्या शेजारी आता 'क्लिअर'च्या जागी लिहिते: 'चाचणीत विषाणू निवळलेला दिसतो. पुढची तपासणी ठरल्या तारखेला.'

आत्याला मी हे सगळं स्वयंपाकघरात बसून सांगितलं. ती निवळीची बी हातात फिरवत ऐकत होती. "म्हणजे ढवळायचं नाही, पण बघत राहायचं," ती म्हणाली, आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून ज्या कोपऱ्यात पूर्वी पाळीच्या तारखांना बारीक फुली मारत असे, त्याच कोपऱ्यात तिने पुढच्या वर्षीच्या तपासणीची खूण केली.

त्या वर्षीच्या तपासणीला मीच तिच्याबरोबर होते. बाकावर आठ-दहा जणी बसल्या होत्या, बऱ्याचशा तिच्याच वयाच्या. ती पाणी प्यायला म्हणून कोपऱ्यापर्यंत गेली आणि लगबगीने परत आली. माझ्याकडे न बघता तिने शेजारच्या बाईला विचारलं, "माझी पाळी गेली का हो?"

"नाही नाही, बसा. तुमच्या आधी अजून दोघी आहेत."